खाऱ्या पाण्यातलं बिरडं

गोदूबाईला स्वयंपाक येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर तिने त्याला धरून खाडीत लोटलं असतं. येत होता, पण एकच येत होता. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट, संध्याकाळी भात आणि सुकटीचं कालवण. हातात चार पैसे खुळखुळले की ओली मासळी, आणि सोमवारी नवऱ्याला मासळी वर्ज्य म्हणून भात आणि चिंचेचं सार. तीस वर्षं तिने मिठागरावर फावड्याने मीठ ओढलं होतं. उन्हातून येऊन चूल पेटवणाऱ्या बाईने याहून निराळं काय रांधायचं? पेणजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात बहुतेक घरांत असंच होतं, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते पौषात. थोरला मुलगा पुंडलिक डोलवीला एका ठेकेदाराच्या हाताखाली होता. ठेकेदाराचं काम पुरं झालं, माणसं मोकळी झाली, त्यात पुंडलिकही मोकळा झाला. आता तो पेणच्या बाजारात मिळेल ते ओझं उचलायचा, आणि आठवड्यातले निम्मे दिवस ओझंही मिळायचं नाही. घरात खाणारे पाच जण: पुंडलिक, त्याची दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली बायको सगुणा, गोदूबाई, तिचा नवरा महिपती, आणि दहावीला बसलेली धाकटी नम्रता.

गोदूबाईने दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "नमूला काळुरामच्या कारखान्यात घालायची."

काळुराम महिपतीचा चुलतभाऊ. हमरापूरला त्याचा गणपतीचा कारखाना होता, आणि माघी गणपती झाले की मोठ्या हंगामासाठी मूर्ती घासायला त्याला हात लागायचे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. परीक्षा मार्चात होती.

"परीक्षा पुढच्या सालाला दे," गोदूबाई म्हणाली. पुढचं साल कुणाचंच येत नाही हे ती जाणून होती, नम्रताही जाणून होती. भूमितीचं पुस्तक मिटून तिने ते मांडीखाली सरकवलं. गोदूबाईला ते दिसलं, पण पाच पोटांपुढे एक पुस्तक किती मोजायचं?

बोलली ती सगुणा. दोन वर्षांत सासूसमोर चढ्या आवाजात न बोललेली सून चुलीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आय, माघी गणपतीपर्यंत चूल माझ्या हाती द्या. कोठीत तांदूळ हाय, कणी हाय. जास्तीचं काय मागणार नाय. एक दिवस जरी बाबा अर्धपोटी ताटावरून उठले, तर नमूला खुशाल पाठवा. नाय उठले, तर ती परीक्षा देईल."

महिपती मोठ्याने हसला. त्याच्या जिभेची कीर्ती गावभर होती. सोमवार सोडला तर मासळीचा वास आल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि लग्नाच्या पंगतीतून तो दोनदा अर्धपोटी उठून आलेला होता. गोदूबाईने हिशेब केला: चार दिवस, फार तर पाच. ती म्हणाली, "कर गो बाय."

सगुणा रोह्याकडची. वरश्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत तिचं गाव, भात आणि वाल पिकवणारं. पहिल्याच दिवशी तिने परसातल्या शेवग्याचा पाला ओरबाडला. त्या झाडाच्या शेंगा तेवढ्या खायच्या आणि पाला बकरीला घालायचा, असं गोदूबाईला ठाऊक होतं. सगुणाने त्याची कांदा घालून भाजी केली, सोबत कण्यांचा मऊ भात केला, आणि सगळं वाढून झाल्यावर पळीभर तेलात चिमूटभर सुका जवळा चुरचुरवून महिपतीच्या ताटावर ओतला. वास ताटाआधी नाकात गेला. महिपतीने भाजी पुसून खाल्ली आणि आणखी मागितली. बकरीचा पाला खातोय हे त्याला कुणी सांगितलं नाही.

रविवारी ती पिशवीत दोन मापं सुकट आणि पोतडीत खडेमीठ घेऊन एसटीने माहेरी गेली. परतली ती वाल, कुळीथ, एक दणदणीत लाल भोपळा आणि वाळलेली कोकमं घेऊन.

"माहेराहून मागून आणलंस?" गोदूबाईच्या कपाळाला आठी पडली.

"मागून नाय, बदलून. आमच्या डोंगरात सुकटीला सोनं म्हणतात, आय. माझ्या आयेने शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली तरी कुणाचं समाधान नाय."

इतकी वर्षं गावात सुकट वाळत होती आणि रोह्याला वाल पिकत होते, आणि दोन्हींच्या मधे एसटी धावत होती. हे साधं गणित आपल्या डोक्यात कधी आलं नाही याचा गोदूबाईला रागच आला. राग तिने सुनेवर काढला, म्हणजे त्या दिवशी भांडी जरा आपटून घासली.

पुढे मग तिने लक्ष ठेवायला सुरुवात केली. चूक काढायची म्हणूनच ठेवलं, खोटं कशाला सांगा. सगुणाने कुळीथ शिजवले. वरचं पाणी काढून त्याचं लसणाचं सार केलं आणि खालच्या कुळथाची उसळ, म्हणजे एका जाळात दोन पदार्थ. भोपळ्याची भाजी झाली, सालीची चटणी झाली, बिया भाजून नम्रताला अभ्यास करताना खायला ठेवल्या. रात्रीचा उरलेला भात सकाळी पिठात कुस्करून त्याचे घावन निघाले. केळीच्या बागेवाल्याने फेकलेली केळफुलं पुंडलिक उचलून आणायचा, त्यांची भाजी व्हायची. ओहोटीचं मात्र सगुणाला काडीचं कळत नव्हतं. ते नम्रताने शिकवलं. दोघी गुडघाभर चिखलात उतरून टोपलीभर खुबे, म्हणजे शिंपल्या, वेचून आणू लागल्या, आणि त्या दिवशी महिपती बोटं चाटत राही. आठवड्यात एक कालवण दोनदा होत नव्हतं. गोदूबाई मनात मोजत होती, आणि मोजता मोजता कौतुक कधी वाटायला लागलं ते तिचं तिलाच समजलं नाही.

एकदा सगळ्यांचं जेवण झाल्यावर तिने हळूच टोप उघडून पाहिला. सून खरवड खाऊन झोपत असणार, अशी तिची खात्री होती. गोदूबाईने स्वतः तीस वर्षं तेच केलं होतं. टोपात मात्र इतरांइतकाच भात आणि वाटीभर उसळ झाकून ठेवलेली होती.

"बघता काय, आय? माझं ताट हाय ते," मागून सगुणा म्हणाली. "पाच माणसांचं रांधायचं म्हणजे पाचांचं. मी उपाशी राहून घर चालवलं तर त्यात काय चालवलं?" आणि समोर बसून ती पोटभर जेवली. गोदूबाईला ते बोलणं लागलं. तिला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की ही पोर आपल्यापेक्षा शहाणी आहे.

एवढं वाटूनही माणसाचं मन काय करेल सांगता येत नाही. माघी गणपतीला दोन दिवस उरले होते. सोमवारी सकाळी शेजारची चंद्रावती दारात आली, आणि महिपती खाटेवरून तिला म्हणाला, "काय सांगू गो, तीस वर्षं एकच चव खाल्ली. जेवायचं म्हणजे काय असतं ते आता म्हातारपणी कळलं." चंद्रावती खो खो हसली. गोदूबाई आत तांदूळ निवडत होती. खडा तिच्या बोटात राहिला आणि तांदूळ सुपाबाहेर सांडले.

सोमवारी मासळी चालत नव्हती, म्हणून सगुणाने वालाचं बिरडं योजलं होतं. दोन दिवस वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले होते, एकेक दाणा सोलला होता. पण नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. गोडं पाणी हंडाभर उरलेलं, ते प्यायला. सगुणाने परसातल्या विहिरीचं पाणी शेंदलं. ती विहीर खाडीच्या अंगाची, चवीला खारट. भात आणि पालेभाजी त्या पाण्यात घरात नेहमीच शिजायची, मीठही वाचायचं. पण त्या पाण्यात कडधान्य शिजत नाही. कितीही जाळ घाला, दाणा आतून कडक राहतो. डोंगरातल्या गोड्या झऱ्यावर वाढलेल्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? गोदूबाईला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने याच पाण्यात तुरीची डाळ घातली होती आणि सासूने आठवडाभर उद्धार केला होता. चिमूटभर खायचा सोडा टाकला की निभावतं, हेही ठाऊक होतं. सोडा तिच्याच फळीवरच्या डबीत होता.

सगुणाने टोपात पाणी ओतलं. गोदूबाईने पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

दुपारी महिपती जेवायला बसला. वास छान होता, वर खोबरं होतं. त्याने मोठा घास घेतला, आणि कडकन आवाज झाला. उरलेल्या चार दाढांपैकी एकीला धरून तो कळवळला. "दगड रांधलेत काय गो?" म्हणत गाल दाबून तो ताटावरून उठला आणि चूळ भरायला बाहेर गेला.

सगुणाने एक वाल उचलून दाताखाली धरला. तिचं तोंड उतरलं. "शिजले नायत," एवढंच ती म्हणाली. "आय, मी हरले."

नम्रता उठली. कोपऱ्यातली पुस्तकं तिने एकावर एक रचली, वही त्यांच्यावर ठेवली आणि सुतळी शोधायला लागली. रडली नाही. रडली असती तर गोदूबाईने कदाचित "रडतेस काय" म्हणून ओरडून वेळ मारून नेली असती. पण पोरगी पुस्तकांना गाठ मारत होती, दुसऱ्या कुणाला द्यायची असल्यासारखी, नीट.

"थांब गो," गोदूबाई म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. "ती हरली नाय. ह्या पाण्यात सोड्याबिगर वाल शिजत नायत. मला ठाव व्हतं. ती पाणी ओतत व्हती आणि मी बघत व्हते. बोलले नाय."

महिपती चूळ भरून दारात उभा होता. "का नाय बोललीस?"

"तुमी चंद्रावतीला सांगत व्हतात ना सकाळी? तीस वर्षांची चव! ती चव मीच दिलेली व्हती." तिने त्याचं ताट बाजूला सारलं. "आणि खरी गोष्ट सांगू? तुमचं बोलणं खोटं नव्हतं. म्हणून तर लागलं. अशी रांधणारी बाय मी उभ्या जन्मात बघितली नाय."

आता सगुणा चिडेल, रडेल, निदान तोंड फिरवेल, अशी गोदूबाईची समजूत. सगुणा टोपाकडे बघत होती. ती म्हणाली, "मग आता सोडा घातला आणि गोड्या पाण्यात पुन्हा उकळले, तर मऊ होतील काय हो आय? फुकट घालवायचे नायत."

गोदूबाईने उठून फळीवरची डबी काढून सुनेच्या हातात ठेवली, आणि नम्रताच्या पुस्तकांची सुतळी स्वतः सोडली.

बुधवारी, गणपती बसले त्या दिवशी, काळुराम विचारायला आला. "काय वहिनी, पोरगी येते ना उद्यापासून? मला हात पाहिजेत."

"पोरीचे हात लिहायला लागणार हायेत," गोदूबाई म्हणाली. "हे घे माझे. तीस वर्षं मीठ ओढलंय, तुझ्या मूर्तींना काय घाबरतात? चुलीपाशी माझं काय काम उरलेलं नाय."

काळुरामने महिपतीकडे पाहिलं. महिपतीने गालावरचा हात काढला आणि म्हणाला, "घेऊन जा. इथं आमचं बरं चाललंय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कारखान्यात गोदूबाई पांढरीफटक झाली होती, भुवयांपर्यंत मूर्ती घासल्याची पावडर. बायका जेवायला गोलात बसल्या. ती जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचा डबा घेऊन कामावर आलेली होती, त्यामुळे झाकण काढताना जरा बावरली. आत भाकरी होती, आणि सहा खमंग वड्या. तिने एक मोडली. सोमवारचेच वाल होते ते, उकळून, दगडावर वाटून, मिरची आणि तांदळाचं पीठ घालून थापलेले. कडू, तिखट, कडेने कुरकुरीत. पोटभर पुरतील एवढे.

शेजारच्या बाईने डब्यात डोकावलं. "काय चांगला वास येतोय गो. कुणी केलं?"

गोदूबाईने तिच्या भाकरीवर एक वडी ठेवली, दुसरीच्याही ठेवली, आणि गोल पुरा होईपर्यंत वाटत गेली. स्वतःला एक उरली.

"माझ्या सुनेनं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सगुणा नाव तिचं."