सरावात नसलेली खुर्ची

वाढदिवस कुणाचाही असो, हार्मेन केक कापायला म्हणून स्वयंपाकघरात जायचा आणि तिथलाच होऊन जायचा. एक केक कापायला असा कितीसा वेळ लागतो? पण तो दर तुकड्याला सुरी पुसायचा, मग कॉफी ठेवायचा, मग दुधाचं भांडं शोधायचा, आणि भांडं नाकासमोर दिसलं तरी आणखी थोडा वेळ शोधतच राहायचा. बाहेर बैठकीच्या खोलीत भिंतींना लावून मांडलेल्या खुर्च्यांचा गोल तोवर भरलेला असे. येणारा प्रत्येक पाहुणा दाराजवळच्या खुर्चीपासून सुरुवात करी, रीतीप्रमाणे तिथे बसलेल्याशी हात मिळवी, गालांचे तीन मुके घेई, अभिनंदन करी आणि पुढच्या खुर्चीकडे सरके. गोल पूर्ण झाल्याशिवाय कुणी बसत नसे. सगळी हयात गावच्या वाचनालयात कपाटांच्या आडोशाला काढलेल्या हार्मेनला त्या गोलापुढे अंगावर काटा यायचा. त्याची बायको हिस्के हे ओळखून होती. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिने त्याला हाका मारून पाहिल्या, मग मारेनाशी झाली.

यंदा हिस्केला सत्तर वर्षं पुरी होणार होती, आणि मुलीचा, आलीदाचा, फोन आला तो असा : "आई, आम्ही दुसऱ्या दिवशी येतो गं. निवांत. मागच्या वेळेसारखं नको."

मागच्या वेळी हिस्केच्या थोरल्या बहिणीने, ग्रीटने, आलीदाच्या नऊ वर्षांच्या मुलीचं, फेन्नाचं, तोंड दोन्ही हातांत धरून तीन मुके घेतले होते. ग्रीटचं प्रेम तिच्या आवाजासारखंच, दोन घरं पलीकडे पोचणारं. फेन्ना किंचाळली. कॉफीचा ट्रे पडला. फेन्ना कान गच्च झाकून टेबलाखाली गेली ती सगळे जाईपर्यंत बाहेर आली नाही. फेन्नाला ऑटिझम आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, ग्रीटलाही. तरी ती कोट चढवताना म्हणालीच, "पोरीला जरा वळण लावा." आलीदाने ते ऐकलं होतं.

"बरं," हिस्के फोनवर म्हणाली. मग तिने खिडकीतल्या कुंड्या पुसल्या. पुसून झाल्यावर पुन्हा पुसल्या. "बाकी कुणी नसतं आलं तरी चाललं असतं," ती कुंड्यांनाच म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. या वेळी फेन्ना होती. ती नमस्कार-चमत्कारात कधी पडत नसे.

"आजोबा, मला गोलात यायचंय. पण गोलात काय करतात ते मला येत नाही. तुला येतं का?"

हार्मेनच्या तोंडून "येतं की" निघून गेलं. इतकं सपशेल खोटं तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता.

फेन्ना दर मंगळवारी एका केंद्रात जायची. तिथे मेरेल नावाची तरुण बाई मुलांना माणसांत कसं वावरायचं ते खेळत खेळत शिकवायची. हार्मेन टोपी हातात धरून तिच्यापुढे जाऊन बसला.

"सराव घरीच करा," मेरेल म्हणाली. "खऱ्या खुर्च्या मांडून. एका वेळी एक गोष्ट. आणि तिला थांबायचं असेल तेव्हा थांबता आलं पाहिजे, हे सगळ्यात आधी. पण आजोबा, यातलं अर्धंच काम फेन्नाचं. उरलेलं अर्धं गोलाने शिकायचंय. ग्रीटआजींशी आधी कुणीतरी बोलायला हवं. तुम्ही बोलाल?"

"बोलेन," हार्मेन म्हणाला. कुणी समोर बसून विचारलं की तो कशालाही हो म्हणायचा.

बुधवारी दुपारी शाळा नसते. फेन्ना आली तेव्हा हार्मेनने खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि कोण कुठे हे कळावं म्हणून प्रत्येक खुर्चीवर एकेक वस्तू ठेवली होती. आजीच्या खुर्चीवर तिची बागेतली टोपी. शेजारच्या रूलोफच्या खुर्चीवर त्याने कधीतरी उसना दिलेला आणि परत न नेलेला हातोडा. आईच्या खुर्चीवर तिचा जुना हातमोजा. ग्रीटच्या खुर्चीवर गजराचं घड्याळ.

फेन्ना घड्याळापुढे उभी राहिली. "हे वाजतं?"

"वाजतं. पण आज किल्ली दिलेली नाही."

"मग ही ग्रीटआजी नाही," फेन्ना म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण सरावाला चालेल."

ती हातोड्यापाशी गेली. "आता काय म्हणू?"

"शेजारणीबद्दल अभिनंदन, असं म्हणायचं."

"वाढदिवस आजीचा. रूलोफकाकांचं अभिनंदन कशाला? त्यांनी काय केलं?"

हार्मेनने यावर कधी विचार केला नव्हता. "ती त्यांना शेजारीण म्हणून मिळाली ना," तो चाचरत म्हणाला. "म्हणजे नशीबच की. त्या नशिबाबद्दल."

फेन्नाने मान डोलावली. कारण मिळालं की तिला गोष्ट सोपी व्हायची. "मग तुझं सगळ्यात जास्त करायला पाहिजे," ती म्हणाली आणि पुढच्या खुर्चीकडे गेली.

हात मिळवणं तिला जमलं, हलकं आणि झटपट. मुक्यांचं मात्र तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तो पूल बंद."

फेन्नाचा जीव पुलांवर होता. गावातल्या कालव्यावरचा पूल बोट आली की वर उचलला जायचा, आणि ती कठड्याला टेकून तासन्‌तास बघत राहायची. "बोट आधी लाल दिव्यापाशी थांबते," तिने आजोबांना समजावलं. "मग विचारते. मग पूलवाला बघतो. उघडायचा असला तर उघडतो. ग्रीटआजी विचारत नाही. ती येते आणि धडकते."

"मी सांगेन तिला," हार्मेन म्हणाला.

गुरुवारी त्याने फोन उचलला आणि ठेवला. शुक्रवारी ग्रीटने उचलला, "कोण? कोण बोलतंय?" असं गरजली, आणि त्याने घाईने केकवर फळं कोणती हवीत ते विचारून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्याने पत्र लिहायला घेतलं, ते फार गोड झालं म्हणून फाडलं. दुसरं फार कडू झालं. ग्रीटला काय सांगायचं? की तुझं प्रेम जरा बेताने कर? आणि सांगायचं कुणी, तर ज्याने आजवर तिच्यापुढे एक वाक्य धड पुरं केलं नाही त्याने? आपल्या हातून हे व्हायचं नाही, असं वाटून तो पुन्हा खुर्च्या मांडू लागे. खुर्च्या मांडणं सोपं होतं.

फेन्ना मात्र तयार झाली. दारापासून निघायची, प्रत्येक खुर्चीपुढे थांबायची, टोपीचं, हातोड्याचं, हातमोज्याचं अभिनंदन करायची आणि खिडकीजवळच्या आपल्या जागेवर बसायची. शेवटच्या बुधवारी हिस्के दारात उभी राहून बघत होती. त्या रात्री तिने आलीदाला फोन केला, आणि बराच वेळ बोलल्यावर आलीदा "बरं, वाढदिवसालाच येतो" म्हणाली.

वाढदिवसाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. हिस्केच्या खुर्चीला कागदी फुलं लावली होती. पाहुणे जमले, ग्रीट तेवढी यायची होती. तिची बस चुकली होती. हार्मेन स्वयंपाकघरात होता. हातात सुरी, आणि दार किलकिलं.

फेन्ना आत आली. दारापासून सुरुवात केली. "आईबद्दल अभिनंदन," ती आपल्या आईला म्हणाली. आलीदाने तिचा हात जसा मिळाला तसाच सोडला. "शेजारणीबद्दल अभिनंदन, रूलोफकाका. ती तुम्हाला नशिबाने मिळाली." रूलोफ म्हणाला, "अगदी खरं आहे, बाई. आता माझा हातोडाही मिळाला तर सोन्याहून पिवळं." सगळे हसले. फेन्ना हसली नाही, पण थांबलीही नाही. कागदी फुलांच्या खुर्चीपुढे येऊन ती म्हणाली, "आजी, तुझंच अभिनंदन." हिस्केने हात पुढे केला. मग फेन्ना खिडकीजवळ जाऊन बसली.

झालं. जमलं! हार्मेनने सुरी पुसली. केकचा पहिला तुकडा सरळ कापला.

तेवढ्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं.

"मेली ती बस!" ग्रीटचा आवाज तिच्याआधी घरात शिरला. "कुठाय माझी बहीण? थांब, थांब, आधी रीतीने गोल करू दे!" आणि तिने दारापासून सुरुवात केली. हात, तीन मुके, अभिनंदन. हात, तीन मुके, अभिनंदन.

हार्मेनच्या हातातली सुरी थबकली. सगळा सराव फेन्ना गोल करते तेवढ्याचाच झाला होता. एकदा खुर्चीवर बसलं की आपण गोलातलेच होतो, आणि मागून येणारा आपल्यापुढेही येऊन उभा राहतो, हे या घरात कुणालाही सांगावं लागलं नसतं. फक्त जो कधी गोलात बसलाच नाही त्यालाच ते सुचलं नव्हतं. तिथे बसून काय करायचं हे फेन्नाला कुणी शिकवलंच नव्हतं. फटीतून त्याला ती दिसली. तिचे हात कानांकडे निघाले होते.

दाराजवळची आलीदा उठू लागली होती, पण ग्रीटने आधी तिलाच मिठीत घेतलं होतं. मग रूलोफ झाला, हिस्के झाली. आता मधे एक रिकामी खुर्ची, ग्रीटसाठीच ठेवलेली, आणि पलीकडे फेन्ना.

हार्मेन कधी निघाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तो आला आणि त्या रिकाम्या खुर्चीवर बसला. हातात सुरी तशीच होती.

"अगंबाई!" ग्रीट म्हणाली. "हा कसा काय बिळातून बाहेर आला? आणि सुरी घेऊन! बायकोबद्दल अभिनंदन, हार्मेन." तिने वाकून त्याच्या गालांचे तीन मुके घेतले. सरळ होऊन ती पुढे निघणार तोच हार्मेनने तिचा हात धरला.

"थांब, ग्रीट."

ग्रीट थांबली.

"मी तुला फोनवर सांगणार होतो. धीर झाला नाही. केकबद्दल बोललो. फेन्नाला मुके सोसत नाहीत. लाड म्हणून नाही, वळण नाही म्हणूनही नाही. तिला ते लागतात. तू आधी विचार. ती नाही म्हणाली तर ते तुला नाही म्हटलेलं नसतं. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं, चूक माझी आहे."

ग्रीटचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी काय राक्षसीण आहे? वर्षभर मला वाटत राहिलं, पोरीला मी आवडत नाही. कुणी एका शब्दाने सांगितलं मला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे आपापल्या कपाकडे बघू लागले.

फेन्नाचे हात कानांपर्यंत पोचायचे राहिले होते. तिने ग्रीटच्या कोटाच्या गुंडीकडे बघितलं आणि म्हणाली, "ग्रीटआजी, तू लाल दिव्यापाशी उभी आहेस."

"कुठे?"

"इथे. आता बोट विचारते, पूल उघडणार का?"

ग्रीटने हार्मेनकडे बघितलं, हिस्केकडे बघितलं. मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजात, विचारलं, "काय गं पूलवाले, उघडणार का पूल?"

फेन्नाने विचार केला. खरोखर विचार केला. पूलवाला वर-खाली दोन्हीकडे पाहतो तसा. "बंद आहे," ती म्हणाली. "बहिणीबद्दल अभिनंदन."

"आभारी आहे," ग्रीट म्हणाली. "बोट थांबते."

तिला बसायला जागा उरली नव्हती. रूलोफने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि परत येताना केक जमेल तसा कापून आणला. तुकडे वेडेवाकडे झाले होते. हार्मेन उठू लागला, तशी फेन्ना म्हणाली, "तुझी खुर्ची सरावात नव्हती, आजोबा."

"नव्हती."

"ती चूक होती. तुझं अभिनंदन राहिलं." तिने हात पुढे केला. "आजीबद्दल."

हार्मेनने सुरी खाली ठेवून तो हात हातात घेतला, आणि तो जसा मिळाला तसाच सोडला. मग तो बसून राहिला. केक झाला, चीजचे तुकडे आणि मोहरीच्या चटणीची वाटी फिरली, रूलोफने हातोड्याची गोष्ट सांगितली, आणि हार्मेन बसूनच राहिला. हिस्के मधूनमधून कागदी फुलांतून वाकून त्याच्याकडे बघायची, तो अजून आहे ना म्हणून.

निघताना ग्रीट कोट घालून दारात थांबली. फेन्ना पायरीवर उभी होती. ग्रीट चांगली हातभर लांब राहिली. काही विचारू का, नको, असं तिच्या तोंडावर उमटलं, आणि ती वळली.

"विचारलं नाहीस," फेन्ना म्हणाली.

"उघडणार का?"

फेन्नाने उजवा हात पुढे केला. "हाताएवढा उघडलाय," ती म्हणाली. "फार वेळ नाही."

ग्रीटने तो हात धरला, हलकेच, आणि वेळेवर सोडला.