असुक्रोममधला गोरा

विनय खेर्डेकरला खरं तर स्वित्झर्लंडला जायचं होतं. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींचे तिथले फोटो काढून झाले होते. प्रत्येकाच्या हातात बर्फाचा गोळा आणि प्रत्येकाच्या मागे तोच डोंगर. राहिला होता तो एकटा विनय. पण व्हिसा देणाऱ्यांना त्याच्या कागदांत काहीतरी खटकलं आणि त्यांनी अत्यंत सभ्य इंग्रजीत त्याला घरी बसायला सांगितलं. सुटी मंजूर झालेली, थर्मल्स आणलेले. अशा वेळी ऑफिसात शेजारच्या डेस्कवर बसणारा क्वाबेना म्हणाला, "माझ्या आजीचा अंत्यविधी आहे. आमच्या गावाला चला की."

क्वाबेना घानाचा. आजी जाऊन बरेच दिवस झाले होते. पण त्यांच्याकडे तोलामोलाच्या माणसाचा अंत्यविधी आपल्याकडच्या लग्नासारखा सवडीनं, मंडप घालून, पाहुणे बोलावून होतो.

"हॉलिडेला कुणी मयताला जातं का?" घरी आल्यावर विनय म्हणाला.

"मग थर्मल्स घालून सोफ्यावर बस," त्याची बायको सुहासिनी म्हणाली. ती कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला होती आणि क्वाबेनाच्या बायकोशी तिची चांगली मैत्री होती. म्हणजे निर्णय झाल्यातच जमा होता.

मग पिवळ्या तापाची इंजेक्शनं झाली, मलेरियाच्या गोळ्या झाल्या. विनयचा मित्र श्रीनिवास, ज्याचा आफ्रिकेशी संबंध टीव्हीवरच्या सिंहांपुरता होता, त्यानं फोनवर तासभर सल्ला दिला. विनयनं बॅगेत सॅनिटायझर, डासांचं मलम आणि दहा गावं जेवतील इतक्या दशम्या भरल्या.

आक्रापर्यंत विमान, कुमासीपर्यंत बस, आणि पुढे ट्रोट्रो. म्हणजे साताऱ्याकडे जिला वडाप म्हणतात तीच खच्चून भरलेली गाडी. फक्त टपावर बोकड होता. असुक्रोम आलं तेव्हा विनयच्या भुवयांपासून बुटांपर्यंत तांबडी धूळ बसली होती. एक रस्ता, दोन चर्च, पत्र्याच्या टपऱ्या, आंब्याखाली शिलाई मशीन घेऊन बसलेला शिंपी. विनय उतरला, त्यानं कंबर सरळ केली, आणि समोरून शाळा सुटलेल्या मुलींचा घोळका ओरडत आला.

"ओब्रोनी! ओब्रोनी! हाऊ आर यू? आय ॲम फाइन, थँक यू!" प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच.

"ओब्रोनी म्हणजे काय रे?" विनयनं विचारलं.

"गोरा माणूस," क्वाबेना बॅगा उतरवता उतरवता म्हणाला.

विनय जागच्या जागी थबकला. त्यानं मागे वळून पाहिलं. मागे बोकड होता.

आता इथे विनयच्या रंगाबद्दल सांगायला हवं. लग्नाच्या बायोडेटात तो 'निमगोरा' असा लिहिला होता. त्या बायोडेटातलं ते एकमेव ललित लेखन. शाळेत त्याला काळ्या म्हणत. कॉलेजात प्रगती होऊन ब्लॅकी झालं. लग्नात सुहासिनीच्या बाजूच्या बायका 'मुलगा इंग्लंडला आहे' हे वाक्य ज्या समजुतीच्या सुरात म्हणत होत्या, तो सूर त्याच्या कानातून कधी गेला नाही. इंग्लंडात तर गोऱ्यांचा प्रश्नच मिटलेला. ती जागा भरलेली होती. आणि इथे, आयुष्यात पहिल्यांदा, काही न मागता, त्याला ती पदवी रस्त्यात मिळाली.

त्यानं मुलींना हात केला. हात करण्याची पद्धत राजवाड्याच्या सज्जातून करतात तशी होती.

"खाली घे तो," सुहासिनी म्हणाली. "बॅग उचल."

क्वाबेनाची मावशी अकोसुआ बाजारात कापड विकायची. अंगानं भारदस्त, आणि आवाज असा की मंडपात भोंगे लावायची गरज नव्हती. लावले होते ते शोभेला. तिनं सगळ्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, पाणी पिऊन होईपर्यंत चकार शब्द काढला नाही, आणि मग गंभीरपणे विचारलं, "कशासाठी येणं केलंत?"

विनय सुहासिनीच्या कानात कुजबुजला, "आपण येणार हे यांना माहीत नाही?"

"तुझी आत्या दारात 'आज इकडे कुठे?' म्हणते, तेव्हा तिला माहीत नसतं का?"

पण विनयचं लक्ष नव्हतं. खिडकीतून पोरी 'ओब्रोनी' म्हणत होत्या आणि तो मान डोलावत होता. दुसऱ्या दिवसापर्यंत तर तो 'या लोकांना' असं म्हणायला लागला. या लोकांना वेळेची किंमत नाही. या लोकांनी रस्त्याच्या कडेला झाडं लावायला हवीत. सिंहगड रोडवर वाढलेला माणूस हे म्हणत होता.

अंत्यविधीच्या दिवशी सगळं गाव लाल-काळ्या वस्त्रात आलं. गाणी, नाच, रडणं, पुन्हा नाच. लांबचा पाहुणा म्हणून विनयला पुढच्या रांगेत प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली आणि कुणीतरी सौजन्यानं त्याच्या हातात माइक दिला. मराठी माणसाच्या हातात माइक देताना विचार करावा, हे असुक्रोमला कोण सांगणार? आजीबद्दल दोन शब्द अपेक्षित होते. विनय विकास, संगणक आणि शिस्त या विषयांवर बोलला. म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि बँडवाल्याला खूण केली.

जेवायला फुफू होतं, म्हणजे उकडलेला कंद कुटून केलेला लुसलुशीत गोळा, तिखट रश्श्यात. सुहासिनीनं उजव्या हातानं तुकडा तोडला, रश्श्यात बुडवला आणि गिळला. क्वाबेना मात्र चावत होता. मावशीनं ते पाहिलं आणि ती गर्जली, "चावतोयस? फुफू चावतोयस? ओब्रोनी!"

अख्खी पंगत हसली. क्वाबेनाही हसला.

विनयचा घास हातातच राहिला. "पण हा... हा तर माझ्यापेक्षाही..." वाक्य कुठे चाललंय हे वेळेत लक्षात आल्यानं त्यानं ते तिथेच सोडलं.

"मी इतकी वर्षं बाहेर," क्वाबेना म्हणाला. "बाहेरून येतो आणि ज्याला जेवायला शिकवावं लागतं, तो ओब्रोनी. रंग नंतर."

मावशी आता विनयकडे वळली. "तू कोणत्या वारी जन्मलास?"

"गुरुवारी," विनय म्हणाला. "दत्ताचा वार."

दत्ताशी मावशीचा परिचय नव्हता. "गुरुवारी जन्मलेला म्हणजे याव! आणि ही?"

"शुक्रवार," सुहासिनी म्हणाली.

"अफिया!" मावशी उठून उभी राहिली आणि माइकशिवाय तिनं मंडपाला बजावलं की या दोघांना आता नावं आहेत, यापुढे कुणी यांना ओब्रोनी म्हणायचं नाही.

सकाळी विनय मुद्दाम रस्त्यावर फिरायला गेला. पाववाली म्हणाली, "याव, झोप लागली का?" शिंपी म्हणाला, "याव, ये, बस." त्याच त्या पोरी समोरून आल्या. विनयनं हात वर करायची तयारी केली. "याव! याव!" त्या ओरडल्या आणि निघून गेल्या.

तो घरी येऊन पायरीवर बसला. "त्या बाईला नसत्या उठाठेवी कुणी सांगितल्या होत्या?"

"अरे, गावानं तुला नाव दिलं," सुहासिनी म्हणाली. "मिल्टन कीन्समध्ये शेजारचा तुला अजून विनी म्हणतो."

"नाव मला होतं," विनय म्हणाला.

परतताना हीथ्रोवर क्वाबेना ब्रिटिश पासपोर्ट दाखवून पाच मिनिटांत बाहेर पडला आणि या दोघांसाठी कॉफी घेऊन उभा राहिला. विनय 'इतर सर्व' असं लिहिलेल्या रांगेत होता. रांग लांब होती. तिथे त्याला कुणीही, काहीही म्हटलं नाही.

पण पुढच्या रविवारी श्रीनिवास आणि त्याची बायको मंजिरी यांच्याकडे दुपारच्या जेवणाला मंडळी जमली, तेव्हा तो पुन्हा फुलला. "तिथे मला काय म्हणत होते माहितीये? गोरा! अख्खं गाव मागे धावत होतं!"

"विनय, तिथे वीज नव्हती का रे?" श्रीनिवास म्हणाला आणि हशा पिकला. विनयही हसला, पण उशिरा.

"पुढचं सांग ना," सुहासिनी म्हणाली, आणि तिनंच सांगितलं. फुफू, क्वाबेना, मावशी, याव, पायरीवरचा रुसवा, सगळं. मंजिरीला हसून ठसका लागला. निघताना दारात सगळे एका सुरात म्हणाले, "बरंय याव, पुन्हा यावं!"

गाडीत विनयनं एकाच राउंडअबाउटला दोनदा वळसा घातला.

"एवढं सांगायची गरज होती?" शेवटी तो म्हणाला.

"तू अर्धंच सांगत होतास."

"अर्धंच चांगलं होतं. सुहा, मला शाळेत आडनाव नव्हतं. सर हजेरीला खेर्डेकर म्हणायचे तेव्हा पोरं विचारायची, हा कोण? चार दिवस कुणी गोरा म्हटलं तर तुझं काय गेलं?"

"मला जन्मापासून गोरी म्हणतात," सुहासिनी म्हणाली. "काय मिळालं? उन्हात खेळू दिलं नाही. रंग जाईल म्हणून पोहायला घातलं नाही. पाहायला आलेल्यांपैकी एकानंही मी काय वाचते ते विचारलं नाही. तू विचारलंस."

विनयला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे विचारलेलं आठवत होतं. का विचारलं तेही आठवत होतं. तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं, म्हणून टेबलावरच्या पुस्तकाबद्दल बोलला होता. हे मात्र त्यानं सांगितलं नाही. डाव्या बाजूनं त्यांची एक्झिट पुन्हा निघून गेली.

"गेली," सुहासिनी म्हणाली.

"जाऊ दे. पुढे आणखी एक राउंडअबाउट आहे. इथे त्यांना तोटा नाही."

घरी पोचल्यावर विनयनं कॉलिंग कार्ड खरवडून पुण्याला फोन लावला. आईचा पहिला प्रश्न तयार होता. "आलास का सुखरूप? तिकडे ऊन फार असतं म्हणे. आणखी रापला नाहीस ना रे?"

"रापलोय," विनय म्हणाला. "मस्त रापलोय."

"अरे देवा! मग ताक नि बेसन लाव रोज. इंग्लंडात ताक मिळतं का?"

सुहासिनीला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ती तोंडावर हात ठेवून हसत होती. विनयनं रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"घे," तो म्हणाला, "गोऱ्या माणसाशी बोलायचंय तिला."