तार्तूची सोयरीक

पद्मिनीकाकूंनी ॲन आर्बर या अमेरिकन गावातल्या अर्ध्या मराठी पोरांची लग्नं जमवली होती. उरलेल्यांत रेणूचा नंबर पहिला. ती पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होती आणि दर रविवारी काकूंकडे जेवायला गेली, की वरणभाताबरोबर एक स्थळ पानात पडायचंच.

२००६च्या मार्चमध्ये तिच्या तोंडून भसकन निघून गेलं, "काकू, आता नको. मी दोन वर्षं तार्तूला चाललेय. रिसर्चसाठी."

"हे कुठं आलं?"

"एस्टोनियात. बाल्टिक समुद्राच्या बाजूला." इंटरनेटवर नुकतंच वाचलेलं सगळं तिनं ओतलं. एमायोगी नदीकाठचं विद्यापीठाचं गाव. स्वीडनच्या राजानं पावणेचारशे वर्षांपूर्वी काढलेलं विद्यापीठ. चौकात एक कललेलं घर. भोवतालच्या जिल्ह्यात जंगलं, दलदल, आणि पूर्वेला पेइप्सी नावाचं एवढं मोठं तळं की पलीकडचा काठ रशियात. तळ्याकाठी लोक कांद्याच्या माळा विकतात.

"कांदे आहेत ना, मग झालं," मनोहरकाका म्हणाले.

काकूंनी विषय बदलला. रेणूला वाटलं, सुटले.

पण काकूंच्या पोटात काही राहत नसे. फोनाफोनी करत ही बातमी चार-पाच तासांवरच्या शॉमबर्ग गावातल्या प्रतिमाताईंपर्यंत पोचली. त्यांचा भाचा प्रसन्न तिथल्याच एका कंपनीत प्रोग्रामर होता आणि मुली बघून बघून कावला होता. मावशीच्या तोंडून तार्तूचं नाव ऐकताच त्यानं ते उचललं. असल्या गावाची चौकशी कोण करणार? पुढच्याच आठवड्यात त्यानं मावशीला सांगितलं, "कंपनी मला तिकडेच पाठवतेय. दोन वर्षं. मुलगीबिलगी आता कॅन्सल कर."

मावशीनं काकूंना फोन केला. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला त्यांनी दोघांनाही जेवायला बोलावलं. "एकाच गावाला निघालेत!" असं म्हणत प्रसन्नला रेणूसमोर बसवलं. रेणू मनात म्हणाली, हा खरंच जाणार असेल तर आपलं बिंग आजच फुटणार.

प्रसन्न मात्र ऐटीत सांगत होता, "मी जाऊन आलोय ना. सुंदर शहर. नदी, कललेलं घर..."

"आणि ट्राम?" रेणूनं विचारलं. "गर्दी असते का हो?"

"ट्राम? बाप रे! सकाळी पाय ठेवायला जागा नसते."

तार्तूत ट्राम नव्हतीच. रेणूच्या जिवात जीव आला. काकू पुरणपोळ्या आणि काका तूप आणायला आत गेले, तेव्हा ती पुढे झुकून हळूच म्हणाली, "ट्राम नाहीये तिथं."

प्रसन्ननं हातातला घास पानात ठेवला. "आणि तू तरी कुठं चाललीयेस?"

"लायब्ररीत."

दोघंही तोंडावर हात दाबून हसले. आता एकमेकांची थाप झाकायची असं ठरतंय न ठरतंय, तोच काका-काकू परत आले आणि काकांनी खिशातून तिकिटं काढून टेबलावर ठेवली.

"सरप्राइज! ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तार्तूला येतोय. तुम्ही पोरं असालच तिथं. चार दिवस तुमच्याकडे, मग हेलसिंकी."

रेणूनं प्रसन्नकडे पाहिलं. तो पुरणपोळीकडे पाहत होता. शेवटी तिनंच सगळं कबूल केलं आणि आपल्याबरोबर त्यालाही बुडवलं.

काकूंचा चेहरा उतरला. "सरळ नाही म्हणता आलं नसतं का गं तुला?"

"दहा वेळा म्हटलं, काकू."

काकूंनी दोघांच्याही पानातलं तूप तेवढं काढून घेतलं.

काका-काकू तरीही ऑगस्टमध्ये तार्तूला गेलेच. तिकडे एका बाईंच्या घरात वरची खोली घेऊन राहिले. परत आल्यावर काकूंनी रेणूला बोलावलं. प्रसन्नही होता. हल्ली तो काही ना काही निमित्त काढून शॉमबर्गहून यायचा. रेणूनं मनातल्या मनात माफी जुळवली होती. पण काकू इतक्या खुशीत होत्या की ती मागायची वेळच आली नाही. त्यांनी पर्समधून एक फोटो काढला. तळ्याकाठी उभा असलेला सोनेरी केसांचा, ताडमाड मुलगा.

"आमच्या घरमालकिणीचा थोरला. तिथल्याच विद्यापीठात शिकवतो. निर्व्यसनी. मासे खातो, पण सोडेल म्हणाला. तुला ते गाव पाठच आहे, म्हटलं निम्मं काम झालंय."

रेणूनं फोटो हातात घेतला. प्रसन्ननं तो वाकून पाहिला आणि चिडून म्हणाला, "काकू, हे काय यार! मी इथं बसलोय ना!"

काकूंनी चष्मा खाली ओढून त्याच्याकडे पाहिलं. "मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

रेणू हसू दाबत फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.