उगवतीचा कोपरा

"थांब. आत्ता आवाज खाली गेला बघ," उपड्या क्रेटवर बसलेले सोपानराव म्हणाले. "मागल्या बाकावर ऐकू जायचं न्हाई."

शितलनं खडू खाली केला. कांदाचाळीच्या पत्र्याच्या दारावर लेकीनं काढलेली आकृती सोपानरावांच्या लेखी गुंता झालेला मांजा होती. तरी गेला महिनाभर हे गृहस्थ मांडवगणच्या शेतातली सगळी कामं बाजूला सारून रोज सकाळी तिचे परीक्षक होऊन बसत. टोपी काढून मांडीवर ठेवत. विद्यापीठातले सर टोपी घालत नसणार, हा त्यांचा अंदाज.

विषय होता असिमेट्रिक इपॉक्सिडेशन. नावावर जाऊ नये. काही रेणू दोन हातांसारखे असतात. दिसायला सारखे, पण डाव्याचा हातमोजा उजव्याला बसत नाही. त्यातला एक औषध ठरतो, दुसरा निकामी. हवा तोच हात कसा घडवायचा, हे शितलला एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये फळ्यावर काढून दाखवायचं होतं. सगळी मदार आकृतीवर. अल्कोहोलचं टोक खालच्या ठरावीक कोपऱ्यात ठेवायचं आणि मग ऑक्सिजन वरून येतो की खालून ते बघायचं. कोपरा चुकला की उत्तर उलटं.

"टोक उगवतीच्या कोपऱ्यात," शितल पुटपुटली आणि तिनं पुन्हा रेघ ओढली. त्या घरात उजवं-डावं फक्त हाताला आणि बैलाला. बाकी पाइप उगवतीला, मोटर मावळतीला. मिठाची बरणीसुद्धा मावळतीच्या फळीवर.

दिवाळीआधी ती पहिल्यांदा फळ्यापुढं उभी राहिली होती, तेव्हा आवाजच फुटला नव्हता. तोंड उघडलं, मिटलं, वर्गात खसखस पिकली आणि ती खाली बसली. विभागानं आणखी एक संधी दिली होती, शेवटची. ही गेली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की थोरल्या चुलत्यांचा निकाल तयारच होता, 'बास झालं शिक्शान.' त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. "समदी हसली, आप्पा," एवढंच म्हणाली. नापास झाल्याचं सोपानरावांनी मनावर घेतलं नाही. हसण्याचं मात्र त्यांना फार लागलं.

"आन् उद्या परत हसली तर?" दारावरची आकृती पुसता पुसता शितलनं आता विचारलं.

"हसत्यात कशाला? हसन्यासारखं काय हाय त्यात?" सोपानराव मोठ्यानं म्हणाले. टोपी घातली ती वाकडी, ते तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. पहिल्या बाकावर तिच्या विभागातल्या अनुपमा मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक. मागं सगळा वर्ग. तळहाताच्या घामानं खडू ओला झाला होता. पण आवाज फुटला. तो ऐकून तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. पाठ केलेलं इंग्रजी एकामागून एक बाहेर येऊ लागलं, मागच्या बाकापर्यंत जाऊ लागलं. ती फळ्याकडं वळली. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं. त्या अंगाच्या खालच्या कोपऱ्यात तिनं टोक काढलं, ऑक्सिजन खालून आणला आणि उत्तर वाचायला गेली.

उत्तर 'आर' येत होतं, म्हणजे नको तो हात. यायला हवं होतं 'एस'.

तिनं परत वाचलं. परत 'आर'. महिनाभर दारावर काढलेली आकृती, एकदाही चुकली नव्हती.

"शितल, कुठला प्रॉडक्ट मिळाला?" मॅडमनी विचारलं.

आता आवाज जाणार, हे तिला कळलं. मागं कुणीतरी बाक सरकवला. इंग्रजी तर कधीच पळालं होतं. खाली बसायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि तोंडातून जे निघालं ते घरचंच निघालं.

"मॅडम, उगवत कुठं हाय?"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सगळा वर्ग फुटला. बाहेरचे परीक्षकही हसले. "अहो, हा नकाशा नाही, मॉलिक्यूल आहे," ते म्हणाले, तसा आणखी हशा.

एकट्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. "पूर्व तुझ्या डाव्या हाताला आहे. तुझं तोंड दक्षिणेकडे आहे. का?"

डाव्या हाताला. घरी दारापुढं तिचं तोंड उत्तरेला असायचं, आणि उगवत उजव्या हाताला. पुस्तकातला उजवा कोपरा तिनं नकळत उगवतीचा करून पाठ केला होता. इथं फळा दक्षिणेच्या भिंतीला, आणि ती उन्हामागं डाव्या कोपऱ्यात गेली होती.

"टोक उजव्या कोपऱ्यात पाहिजे, मॅडम. मी डाव्यात काढलं." हसणं अजून चालूच होतं. तिनं पुसलं. घाईत आकृती वेडीवाकडी आली. पण टोक उजवीकडं पडलं, ऑक्सिजन खालून आला आणि उत्तर 'एस' आलं. पुढच्या सगळ्या प्रश्नांची तिनं उभ्यानं उत्तरं दिली. काय दिली, ते तिला नंतर आठवेना.

"पास," मॅडम म्हणाल्या.

बाहेर गुलमोहराखाली येऊन तिनं घरी फोन लावला. पहिलीच घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"झालं का?"

"झालं, आप्पा. पास झाले."

पलीकडं आई काहीतरी ओरडली, बहुतेक देवाचं नाव. सोपानरावांनी मात्र खालच्या आवाजात विचारलं, "कुनी हसलं न्हाई ना?"

इमारतीच्या पायऱ्यांवरून तिच्या वर्गातली मुलं उतरत होती. "काय गं शितल, उगवत सापडली का?" एकजण ओरडला आणि बाकीचे खिदळले. तिला स्वतःचं काही वाटलं नाही. आप्पांचं वाटलं. तो शब्द त्यांचा होता, त्यांच्या बापाचा होता. तिनं झटकन फोनवर तळहात दाबला. मुलं लांब गेल्यावर तो काढला.

"न्हाई, आप्पा. कोन हसतंय?"

"मी म्हनलं नव्हतं?" सोपानरावांचा आवाज एकदम मोकळा झाला. "हसन्यासारखं काय हाय त्यात?"

"व्हय," ती म्हणाली. पायऱ्यांवर आणखी पोरं आली होती. तिनं तळहात पुन्हा फोनवर धरला.