पडद्याचे 'हो' आणि 'नाही'

घरातल्या सिनेमाच्या खोलीत त्या दुपारी चाळीसेक माणसे दाटीवाटीने बसली होती. सिनेमा मात्र लागणार नव्हता.

"तात्या, ऐकताय ना?" अंगाला राख फासलेल्या, शाल पांघरलेल्या बाबांनी छताकडे हात जोडले. "असाल तर खाली या!"

छतातल्या फटीतून बारीक गुरगुर आली आणि पांढराशुभ्र पडदा सळसळत खाली उतरला. माणसे शहारली. पडद्याचा रिमोट तात्यांच्या पत्नीने, आजींनी, स्वतः कपाटात बंद केला होता आणि किल्ली त्यांच्या मुठीत होती! पडदा उतरला की 'हो', जागचा हलला नाही की 'नाही'. तीन महिन्यांपूर्वी वारलेले तात्या असे रोज बोलत होते.

मागे भिंतीला टेकलेल्या फिटरबाईचा मात्र विश्वास बसेना. छतात खाच कापून, मोटार दडवून हा पडदा तिनेच बसवला होता. आज 'पडदा बिघडलाय' या निमित्ताने आजींच्या सुनेने तिला बोलावून घेतले होते. दारातच सून कुजबुजली, "गोळ्या घ्यायच्या का, असं सासूबाईंनी विचारलं, तर पडदा हललाच नाही. मधुमेहाच्या गोळ्या बंद! पायाची जखम चिघळलीय. मी बोलले तर म्हणतात, तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?"

फिटरबाईला आधी आजींच्या मुलाचाच संशय आला. त्याचा हात सारखा खिशात जात होता. पण निघाला तो रुमाल. बिचारा डोळे पुसत होता.

पडदा वर गेला आणि मंडळी चहाला उठली, तशी ती शिडी लावून वर चढली. मोटारीच्या डबीच्या झाकणावर राखेची बोटे उमटली होती.

"इथे कोणी हात लावला होता?" तिने सुनेला विचारले.

"छे! हां, पहिल्या दिवशी बाबा खोली शुद्ध करायला दार लावून बसले होते, अर्धा तास."

फिटरबाई मनाशीच हसली. डबीतले बटण दाबून धरले, पिशवीतला नवा रिमोट काढला आणि दोन मिनिटांत खाली उतरली.

मंडळी परत बसली. "तात्या, या!" पडदा ढिम्म. "या, तात्या!" आवाज चढला. शालीखाली बाबांचे कोपर चुळबुळू लागले. कपाळावर घाम आला.

"तात्या रुसलेत! इथे कोणीतरी पापी शंकेखोर शिरलाय. आता प्रत्यक्ष मी बोलावलं तरी ते येणार ना—"

पडदा सळसळत खाली आला. कोणीतरी फिस्सकन हसले.

"मी आणला तो," फिटरबाई रिमोट दाखवत पुढे झाली. "बाबा, शालीतला हात बाहेर काढा."

"साधकाचा हात असा—"

"काढा," आजी म्हणाल्या.

हात बाहेर आला. मुठीत तसलाच रिमोट होता.

"ही मोटार रेडिओच्या लहरींवर चालते," फिटरबाईने सांगितले. "डबीतलं बटण दाबून तिला दुसरा रिमोटही जोडता येतो. तो शालीखालूनही चालतो. यांनी आपला जोडून ठेवला होता. मी मघाशी तो पुसला आणि माझा जोडला. एवढाच चमत्कार."

आजींनी मुठीतल्या किल्लीकडे पाहिले. "म्हणजे हे... एकदाही आले नव्हते?"

खोटे बोलणे सोपे होते. फिटरबाईला क्षणभर तसा मोहही झाला. "नाही, आजी."

"परवा मी विचारलं, माझी आठवण येते का. पडदा खाली आला होता." त्या बाबांकडे वळल्या. "माझ्या नवऱ्याचं उत्तर तू दिलंस?"

बाबा दाराकडे सरकले. तिथे मुलगा आडवा उभा होता. तो पोलिसांना फोन लावत होता.

"पण आम्हाला तर खरंच वाटलं हो," एक शेजारी पुटपुटले.

"वाटणारच. यंत्र लपलेलं होतं," फिटरबाई म्हणाली. "पण मोटारीचा आवाज तुम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. ती कोण चालवतंय, एवढं एकानं जरी विचारलं असतं! विचारण्यात पाप नाही. आणि कोणी म्हणालं की शंका घेऊ नका, औषध बंद करा, तर तिथे दुप्पट शंका घ्या."

आजींनी डोळे पुसले आणि सुनेचा हात धरला. "चल, डॉक्टरांकडे. आत्ताच जाऊ."