दुमजली सीमोल्लंघन

मोरिवलीतल्या आमच्या आवारात उभी असलेली लाल डबलडेकर पाहून येणारा प्रत्येक जण विचारतो, "हा छंद साहेबांचा होता का?" साहेब, म्हणजे माझे दिवंगत यजमान, कारखान्यात अधिकारी होते आणि बसमध्ये बसले की त्यांना मळमळत असे. छंद माझा आहे. मुंबईच्या कचेरीत जाताना मी अशाच बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसत असे. तिथे बसलेल्या बाईला कोणी सरकायला सांगत नाही. झाडांच्या फांद्याच काचेला टेकून बाजूला होतात.

तिच्यासारखे वाहन आता घडत नाही. मागच्या जिन्याचे वळण आजच्या कोणत्याही बंगल्यात सापडणार नाही. चालकाची खोली इंजिनाशेजारी, उतारूंपासून वेगळी. आतला शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून छताखाली दोरी. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. यापेक्षा अधिक बोलण्याची तिला गरज पडली नाही.

अशा बसमध्ये उल्हासनगरच्या धर्मेशशेठना हॉटेल काढायचे होते.

"माँजी, नीचे किचन, ऊपर टेबल," ते म्हणाले. "इंजिन काढून टाकू. वजन कमी होईल."

"तुमचे काळीज काढले तर तुमचेही होईल," मी म्हटले.

पण माझा मुलगा शौनक त्यांच्या बाजूने होता. "आई, दोन पावसाळे ती जागची हललेली नाही. जी चालत नाही ती बस कसली? पत्र्याची शेड आहे ती."

हे लागले, कारण ते खरे होते. मी दोघांना समोर बसवून सांगितले, "दसऱ्याला वाहनाने वेस ओलांडावी आणि सूर्यास्ताआधी घरी यावे. ही बस तसे करून आली, तर विक्रीचा शब्द पुन्हा काढायचा नाही. आली नाही, तर शेठ, किल्ली मी स्वतः तुमच्या हातावर ठेवीन."

बुवापाड्याचे शंकरराव जन्मभर डबलडेकर चालवून निवृत्त झालेले. सारे नवरात्र त्यांनी इंजिनाखाली काढले. दसऱ्याच्या दुपारी ते विहारातली वंदना आटोपून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. त्यांचाही तो मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा.

"बाई, लिंबू तुमचं, गिअर माझा," ते म्हणाले. "चाकाखाली तुम्हीच ठेवा."

"तुम्हाला मी सांगितलेही नसते."

इंजिन आधी खोकले, मग आवाराच्या फरश्या थरथरू लागल्या. धर्मेशशेठनी नाकाला रुमाल लावला. बस फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

फाटकाबाहेर नवरात्र मंडळाची कमान होती, बसच्या वरच्या काचांना जेमतेम पोचणारी. मंडळाचा अध्यक्ष शौनक.

"देवीचा टेम्पो जाईल एवढी उंची मोजली होती," तो मान खाली घालून म्हणाला. "बस लक्षातच आली नाही."

"आली नाही, की आणायची नव्हती?"

"खरंच नाही आली, आई. ती कधी बाहेर पडेल असं वाटलंच नव्हतं."

त्याने मुद्दाम केले असते तर मी इतकी संतापले नसते.

विसर्जन रात्री होते आणि तोवर कमान हलवता येत नव्हती. धर्मेशशेठ हलकेच म्हणाले, "माँजी, शर्त आपली होती. सूरज ढल रहा है."

"कमान देवीची आहे. तिला कोणी हात लावायचा नाही," मी म्हटले. "आवाराची भिंत माझी आहे. कमानीच्या पलीकडे पाडा."

"आई, ती बाबांनी बांधली आहे."

"त्यांनी बांधली, मी सांभाळली. पहार आण. अध्यक्षांनी आधी मारायची."

शौनकने पहिला घाव घातला. मंडळाचे कार्यकर्ते पुढे आले आणि बघता बघता रस्त्याकडची भिंत विटांचा ढीग झाली. विटा बाजूला ओढून वाट मोकळी केली. मी जिना चढून पुढच्या बाकावर बसले. गुडघे काय म्हणाले, ते मी ऐकले नाही. खाली शौनक कंडक्टरच्या जागी उभा राहिला. दोन घंटा वाजल्या.

पुढे बांबूने केबलच्या वायरी उचलत कार्यकर्ते चालले होते. कामावरून परतणारी माणसे रस्त्याच्या कडेला थांबली. गावाच्या वेशीवर शौनकने आपट्याची फांदी घेतली आणि शंकररावांनी बस वळवली. आवारात शिरलो तेव्हा ऊन कारखान्याच्या धुरांड्यावर अजून शिल्लक होते.

मी धर्मेशशेठच्या हातावर किल्लीऐवजी आपट्याचे पान ठेवले. ते हसले. "माँजी, हारलो. भिंत बांधायला माणसं पाठवू?"

"भिंत नको. तिथे फाटक बसवायचे आहे. शौनक, उंची आत्ताच मोजून घे."

शौनक टेप घेऊन बसपाशी गेला. शंकरराव चालकाच्या खोलीतून उतरत म्हणाले, "हातभर जास्त धर रे. पुढच्या दसऱ्याला टपावर हार असेल."