गिअरचा ताप

"माल आजच भरायचा!" साहेब ओरडले. "मागच्या चाकांचं डिफरन्शियल बसवलंस ना?"

"बसवलं. पण माल नाही भरायचा." मिस्त्री ट्रकखालून सरकत बाहेर आला. "आतल्या गिअरचे दात नवे आहेत. रिकामी गाडी वीस किलोमीटर हळू न्यायची, पूर्ण थंड होऊ द्यायची. असं तीनदा."

"मागच्या वेळीही हेच ज्ञान पाजळलंस. दीड महिन्यात जळले गिअर! आता जळले तर घरी बस."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं राबायचं आणि यांच्या घाईने माल भरण्याच्या हावरेपणाचं खापर आपल्या डोक्यावर! डबा घेऊन आलेल्या बायकोवरच तो खेकसला, "चल, बस गाडीत. वाटेतच जेवू."

"मी? ट्रकमध्ये?"

"मग काय पालखी मागवू?"

वीस किलोमीटरवर गाडी थांबवून ती दोघं जेवली. मग त्याने खाली वाकून डिफरन्शियलवर तळहात ठेवला. "झालं गार. निघू."

तिनेही कुतूहलाने हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. "आई गं! हे गार? पोळलं की हो!"

त्याने दुसरा हात ठेवला. काही नाही. लाकडाला हात लावावा तसं.

"तरीच," ती बोटं फुंकत म्हणाली, "उकळता चहा गार म्हणून परत पाठवता. आणि मी मेली स्वतःलाच दोष देत बसले."

तो हसला नाही. मागच्या वेळी याच हाताने त्याने 'गार' ठरवलं होतं आणि तापलेली गाडी तशीच पुढे दामटली होती. गिअर जळल्यावर शिव्या मात्र साहेबांना घातल्या.

"तू सांगशील तेव्हा निघायचं," तो म्हणाला.

ती सांगेपर्यंत तास गेला. पुढच्या दोन्ही फेऱ्यांनाही तिनेच सांगितलं.

संध्याकाळी गाडी आवारात आली. साहेब कान देऊन उभे राहिले. मागून घरघर नाही, कुरकुर नाही.

"मागचे गिअर मीच जाळले, साहेब," मिस्त्री म्हणाला. "माझ्या तळहाताला गरम-गार कळत नाही. आजच समजलं."

साहेबांनी त्याच्या तळहाताकडे पाहिलं. "मग ठेवू कशाला तुला?"

"नका ठेवू. पण असं बिनआवाजाचं काम कोण करतो ते शोधा आधी. आणि ठेवणार असाल, तर हजेरीपटावर हिचंही नाव घाला."

"त्या काय करणार?"

"ताप बघणार."

बायको तेव्हा ट्रकखाली वाकली होती. तळहात लोखंडावर ठेवून, कुणाकडेही न बघता.